ड्रमची मोट आणि विहिरीतली वांब

कोंडाजीची कातडी मोट फाटली तेव्हा सरळ माणसाने चांभाराकडे जाऊन दुसरी शिवून घेतली असती. पण कोंडाजी सरळ असता तर पुढचं काही घडलंच नसतं. तळवड्यात आपल्याइतकं डोकं कुणाला नाही, असं त्याचं मत होतं आणि ते मत तो कुणापासून लपवूनही ठेवत नसे. त्या वर्षांत मुंबई रस्त्याच्या कडेने नवे कारखाने उठत होते. त्यांचं मोडकंतोडकं सामान दापोडीच्या एका भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडे. तिथे कोंडाजीला एक निळा ड्रम दिसला. पत्रा जाड, गंजाचं नाव नाही. अंगावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती. ती कोंडाजीला वाचता येत नव्हती आणि वाचून घ्यावीशी वाटलीही नाही. त्याला त्या ड्रममध्ये फक्त मोट दिसत होती.

बैलगाडीत घालून त्याने ड्रम चिंचवडला दत्तोबा लोहाराकडे नेला. वरून कापून घेतला, काठाला पट्टी मारून घेतली, कड्या बसवल्या, बुडाला भोक पाडून जुन्या मोटेची कातडी सोंड जोडली. दत्तोबाने हातोडा ठेवला आणि म्हणाला, "कोंडाजीराव, मोट झाली झकास. पर वास कसला येतूय ह्याला?"

"नव्या वस्तूला वास असतूच," कोंडाजी म्हणाला.

घरी यशोदाबाईने तोच प्रश्न जरा वेगळा विचारला. "ह्यात आधी काय व्हतं, ते इचारलं का न्हाई?"

"आता पाणी ऱ्हाणार हाय ना? मग आधीचं काय करायचंय?"

तरी बायकोच्या समाधानासाठी त्याने ड्रम राखेने घासला, चिंचेने घासला, आत काड पेटवून धूर केला. वास गेला. म्हणजे सकाळी गेला. भर उन्हात पत्रा तापला की काहीतरी गोडसर, औषधी असं नाकाला अजून लागायचं. कोंडाजी अशा वेळी तोंड दुसरीकडे करून श्वास घ्यायचा आणि आपल्याला काही लागलंच नाही असं ठरवून टाकायचा.

बैल धावेच्या उतारावरून मागे आले की नवी मोट विहिरीत सुटून खळाळ करत भरायची आणि वर येऊन थारोळ्यात ओतली की पाणी पाटाला धावत सुटायचं. बैलसुद्धा खूश दिसत होते. वस्तीवरचे लोक बघायला आले. हिंदुराव तर रोजच यायचा. हा हिंदुराव उस्मानाबादेकडून कामासाठी आलेला, पिंपरीला कंपनीत लागलेला. कोंडाजीच्या रानाच्या कडेच्या खोलीत तो बायको छबूबाई आणि लेकरांसकट राहायचा आणि त्याचं पिण्याचं पाणी याच विहिरीचं. तो हसून म्हणायचा, "कोंडाजीराव, आमी कंपनीत जाऊन लोखंडात राबलालाव, अन् तुमी कंपनीच रानात आणून बैलाला जुंपली की!"

विहीर कोंडाजीच्या वडिलांनी खणलेली. पाण्याला चव अशी की इंद्रायणी जवळ असूनही वस्तीतल्या बायका हंडे घेऊन इकडेच यायच्या. पाणी लागलं तेव्हा म्हाताऱ्याने पहिला घोट स्वतः घेतला नव्हता. त्याने नदीतून एक जिवंत वांब, सापासारखा लांबट मासा, आणून विहिरीत सोडली होती आणि ती सुखाने फिरताना दिसल्यावरच घरच्यांना पाणी पिऊ दिलं होतं. तेव्हापासून वस्तीचा तो रिवाजच झाला. विहिरीत वांब आहे तोवर पाणी चांगलं. एक गेली तर नदीतून दुसरी आणायची, आणि ती रमली की मगच हंडा बुडवायचा. आत्ताची वांब जुनी होती, चांगली हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड. दिवसा ती दगडांच्या सांदीत नाहीतर गाळात दडून असायची. दिवेलागणीला वर यायची, सोंडेसारखं निमुळतं नाक पाण्याला लावायची आणि बायकांनी टाकलेला पिठाचा गोळा तोंडात घेऊन परत जायची. तिला कुणी मासा म्हणत नसे. नुसतं 'ती आली का', असं विचारत.

त्या उन्हाळ्यात कोंडाजीला खुशीचं आणखी एक कारण होतं. त्याची एकुलती एक लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासर दौंडच्या पलीकडे, भीमेच्या काठी. धाकटा दीर आगगाडीने चिंचवडपर्यंत घेऊन आला, कोंडाजीने स्टेशनावरून दोघांना बैलगाडीत बसवून घरी आणलं आणि एक रात्र मुक्काम करून दीर परत गेला. पोर आल्यापासून त्याचा आवाजसुद्धा खाली आला होता. नाहीतर त्याची हाक नदीपार जायची. सुमन रोज सकाळी थारोळ्याशी यायची आणि मोटेच्या धारेखाली ओंजळ धरून पाणी प्यायची. "आबा, दौंडाच्या पाण्याला ही गोडी न्हाई," असं म्हणायची, आणि कोंडाजीला वाटायचं की ती नव्या मोटेचीच तारीफ करते आहे.

त्या दिवशीही ती सकाळी ओंजळभर पाणी पिऊन, तोंड पुसत घराकडे गेली. कोंडाजीने बैलांना परत मागे घेतलं, मोट खाली सोडली आणि सवयीने आत वाकून बघितलं. पाण्यावर वांब तरंगत होती. पोट वर, पांढरट पिवळं. मोटेच्या लाटेबरोबर ती हलत होती आणि परत कडेच्या दगडाला टेकत होती.

कोंडाजीने बैल जागीच थांबवले.  मग त्या उन्हात तापायला लागलेल्या पत्र्याचा वास नाकात शिरला, आणि या वेळी त्याला तोंड फिरवून आपल्याला काही लागलंच नाही असं म्हणता आलं नाही. आपण मोट नाही, विषाचं भांडं विहिरीत बुडवत होतो. आणि त्या पाण्याची ओंजळ आपल्या डोळ्यांदेखत सुमन आत्ताच प्यायली.

एवढ्यात छबूबाई कळशी घेऊन आली, मागून हिंदुराव. रात्रपाळी करून आल्यामुळे त्याचे डोळे लाल होते. त्याने वाकून बघितलं आणि त्याचं हसू तिथेच मावळलं.

"ती गेली की हो!" छबूबाई म्हणाली आणि कळशी छातीशी धरून मागे सरकली.

हिंदुरावाने मोटेचा काठ हुंगला. "कंपनीत असल्या ड्रमात काय काय येतंय, कोंडाजीराव. काहींवर कवटीचं चित्तर असतंय. त्याला हात बी लावू देत न्हाईत आमाला."

"ह्याच्यावर चित्तर नव्हतं," कोंडाजी म्हणाला. "अक्षरं व्हती."

"कसली?"

"मला काय म्हाईत? मीच घासून काढली ती."

कोंडाजीत शंभर खोडी होत्या, पण ऐन वेळी पाठ दाखवणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने बैल सोडले, बाभळीचे काटेरी फांदाडे ओढत आणले आणि विहिरीच्या काठावर टाकले. मग घरोघर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की माझ्या मोटेने पाणी नासलं असेल, वांब मेलीय, भरून ठेवलेलं पाणी ओतून द्या, लेकरांना देऊ नका. ज्या लोकांनी मोटेची तारीफ केली होती त्यांनी आता त्याला फैलावर घेतलं. एक म्हातारी तर म्हणाली, "तुझा बाप वांब सोडल्याबिगर पाणी पीत नव्हता, अन् तू असला निपजलास!" कोंडाजीने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. बैलगाडी जुंपून नदीवरून पिंपं भरून आणली आणि दारोदार पाणी वाटलं.

तिकडे हिंदुराव झोप सोडून सायकल मारत दापोडीला गेला होता. भंगारवाल्याला ड्रममध्ये काय होतं ते विचारून तो घामाघूम होऊन परत आला. "त्यो म्हणतोय, ड्रम म्हंजे ड्रम. कुणाचा, कुठला, त्येला बी ठाव न्हाई." एवढं सांगून तो छबूबाई लेकरांना ताक पाजत होती तिथे जाऊन बसला.

कोंडाजी घरात आला तेव्हा सुमन भिंतीला टेकून बसली होती. यशोदाबाईने तिला तूप पाजलं होतं, ताक पाजलं होतं, आता लिंबू पिळत होती.

"पोटात कसं वाटतंय?" कोंडाजीने विचारलं.

"भरल्यावानी वाटतंय. आई दम घेऊ देईना."

"कळ? मळमळ?"

"आबा, ह्यो आतून लाथा झाडतूय बघा. त्यालाच ताक नको झालंय." सुमन हसली. कोंडाजीला हसू आलं नाही. तो खाली बसला आणि पोरीच्या पायाला हात लावून, पाय गार तर नाही ना, हे बघत राहिला. त्याला स्वतःचा इतका राग आला की दोन मुस्काटात मारून घ्याव्यात असं वाटलं. एवढ्या हौसेने माहेरी आणलेली लेक, आणि तिच्या ओंजळीत आपणच काय ओतलं कोण जाणे. चांभाराने दुसरी मोट शिवून दिली असती तर काय बिघडलं असतं?

यशोदाबाई नेहमी बोलली असती. अशा वेळी नवऱ्याला सोलून काढायचा तिचा हक्कच होता. पण आज ती गप्प होती. तिचा हात सारखा गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे जात होता. कोंडाजीला वाटलं, ही आता बोलण्याच्याही पलीकडे गेली.

दुपार कलली तसा तो विहिरीवर गेला. मेलेली वांब पाण्यात ठेवून चालणार नव्हतं. चिंचेखाली पुरायची, असं त्याने ठरवलं होतं. वडिलांपासूनची मानाची वस्तू ती, गिधाड-कावळ्यांना कशी टाकायची? काटे बाजूला करून तो पायऱ्या उतरला, टोपलीने वांब अलगद उचलली आणि वर आणून सावलीत ठेवली. मग पहिल्यांदाच तिच्याकडे धडपणे बघितलं. सकाळपासून त्याला ते धाडस झालं नव्हतं.

माळ घालायच्या आधी, तरणा असताना, कोंडाजी इंद्रायणीवर ज्योतीराम भोयाबरोबर गळ टाकत बसायचा. यशोदाबाईने माळ घातली आणि घरातली मासळी बंद झाली. कोंडाजीलाही माळ घालावी लागली, नाहीतर एका घरात दोन चुली झाल्या असत्या. पण तेव्हाचं हाताला लागलेलं विसरत नाही. वांब शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळायची नाही, पाठीतले दडलेले काटे उभे राहतात आणि हात फाडतात. हे आठवून त्याने तिला डोक्याकडून धरलं आणि टोपलीतून उचलली.

ती फारच हलकी लागली.

मेली म्हणून आखडली असेल, असं त्याला वाटलं. त्याने उताणी होती ती पालथी केली. विहिरीतल्या वांबेच्या अंगावर तपकिरी जाळीसारखी वेडीवाकडी नक्षी होती आणि डोळ्यावरून एक काळी रेघ गेलेली. हिच्या अंगावर नक्षी नव्हती. पिवळसर अंग, आणि पाठीच्या परावर, शेपटीच्या बाजूला, काळे गोल ठिपके, प्रत्येकाला फिकट कडं, जणू कुणी ओळीने डोळे काढलेत. कोंडाजीने शेपूट बोटांनी पसरून बघितलं. नदीतल्या मोठ्या वांबेला वेगळी शेपटी नसतेच. पाठीचा पर आणि पोटाचा पर मागे जाऊन एकमेकांत मिळतात. हिला छोट्या पंख्याएवढी शेपटी होती, सुटी, नीट वेगळी.

ज्योतीरामाचं बोलणं त्याला आठवलं. ज्योतीराम म्हणायचा, वांबा सगळ्या एक नसतात. दगडातली जाळीची वेगळी, ती हातभर वाढते. खाली भीमेला गाळाच्या पाण्यात डोळे काढलेली असते, ती वीतभर. आणि तळ्यात पांढऱ्या बारीक ठिपक्यांची हिरवट एक असते, ती तर बोटभरच. तेव्हा कोंडाजीने त्याला उडवून लावलं होतं. वांब म्हणजे वांब, कालवणात सगळ्या सारख्या.

"अगं ए!" त्याने घराकडे बघून अशी हाक दिली की सुमन आल्यापासून नदीपार न गेलेला आवाज आता गेला असेल. "हिकडं ये! ही आपली न्हाईच!"

यशोदाबाई आली. मागून सुमन हळूहळू आली, हिंदुराव आणि छबूबाई आली, वस्तीतली दोन-चार माणसं जमली. कोंडाजीने ठिपके दाखवले, शेपूट दाखवलं. "ही आपल्या नदीची बी न्हाई. ही भीमेची हाय. ही आपल्या हिरीत आली कशी?"

यशोदाबाईने पदर तोंडाला लावला. मग खाली बघत म्हणाली, "मी टाकली."

"तू टाकलीस? कशाला?" कोंडाजीने विचारलं.

"सुमनच्या सासूबाईनं धाडल्या व्हत्या. मडक्यात वला चिखल घालून, वर फडकं बांधून, जित्त्या तीन वांबा. ही अन् हिचा दीर आले, त्येंच्यासंगं दिल्या. पोटुशीला अंगात ताकद येती म्हणून सुनेसाठी खास धाडल्या." तिने माळ बोटांत धरली. "माझ्या गळ्यात माळ. मी त्या मारू कशा? अन् कुणाला द्याव्या तर हिचं दीर मुक्कामाला व्हतं, त्येंच्या कानावर गेलं तर इहीणबाई म्हणणार, आमची वस्तू लोकास्नी वाटली. मग सांजच्याला गुपचूप हिरीत सोडल्या. म्हटलं, जितराब जितं ऱ्हाईल, पाप बी न्हाई अन् अपमान बी न्हाई."

"अन् सकाळपासनं गप्प बसलीस?" कोंडाजी म्हणाला.

"आपलीच वांब मेली असं वाटलं मला. तुमी तसंच म्हणत व्हता."

हिंदुरावाला पहिलं हसू फुटलं आणि ते सगळ्यांना लागलं. कुणी टाळी दिली, कुणी कोंडाजीच्या पाठीत धपाटा घातला. आपली वांब जिवंत आहे, मग पाणीही चांगलं आहे, असं म्हणून एकजण काटे काढायलाही निघाला. कोंडाजीनेच त्याला दंडाला धरलं.

"थांबा," तो म्हणाला. "ही आपली न्हाई, पर मेली तर हिरीतच ना? कशानं मेली?"

हिंदुरावाने वांब उलटीपालटी करून बघितली. मानेमागे आडवा घाव होता, चांगला खोल. "मोटंचा काठ लागलाय की. पत्रा बघा कसा धारेचा हाय."

"जिती असताना लागला का मेल्यावर लागला?" कोंडाजीने विचारलं.  "आपली दिसल्याबिगर कुणी थेंब बी तोंडात घ्यायचा न्हाई. मी बी न्हाई."

वांब दिवसा दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा थांबण्याखेरीज इलाज नव्हता. वस्तीतली माणसं येऊन चिंचेखाली बसली. छबूबाईने लेकरं मांडीवर घेतली. सुमनला यशोदाबाईने घोंगडीवर टेकवलं आणि मिनिटामिनिटाला तिचा चेहरा बघत राहिली. सुमन वैतागून म्हणाली, "आई, मी काय पाण्यावर आलेली न्हाई, माझ्याकडं नगं बघू. हिरीत बघ." कोंडाजीने पाटाच्या ओल्या मातीतून गांडुळं उकरली. एक लांबसं गांडूळ दोऱ्याला बांधलं, गळ मात्र लावला नाही, आणि ऊन विहिरीच्या काठावरून वर सरकायला लागलं तसा तो पायऱ्या उतरून पाण्याशी बसला.

दोरा पाण्यात सोडून बसणं काही त्याला नवीन नव्हतं. पण तेव्हा वांब लागली नाही तर ज्योतीरामाला शिव्या देऊन घरी जाता यायचं. आता वर आपली पोर बसली होती. तिच्या पोटातलं सकाळी लाथा मारत होतं, आता मारतंय का, हे विचारायचीही त्याला भीती वाटत होती. त्याने मनातल्या मनात विठ्ठलाला खूप काही देऊ केलं. ड्रम देऊ केला, बैलांची जोडी देऊ केली, शेवटी आपलं डोकंसुद्धा देऊ केलं, आणि ते देवाने कशाला घ्यावं, असंही त्याला वाटून गेलं.

दोरा हलला.

आधी वाटलं, वाऱ्याने. मग दोरा हळूच खाली ओढला गेला आणि परत ढिला पडला. दगडाच्या सांदीतून काहीतरी सरकत बाहेर येत होतं. पहिलं निमुळतं नाक, त्याच्या टोकाला सोंडेसारखं हलणारं बोंडुक, मग डोळ्यावरची काळी रेघ, मग जाळीची नक्षी, जाडजूड, सावकाश. तिने गांडूळ तोंडात घेतलं, एक हिसका दिला आणि कोंडाजीच्या हातातून दोराच सुटला.

"आली!" तो ओरडला. "आली, आली! जिती हाय!"

वर एकच गलका झाला. माणसं काठावर वाकली, हिंदुरावाने एका लेकराला खांद्यावर घेतलं. कुणीतरी पिठाचा गोळा टाकला. तो पाण्यावर पडला तशा गाळातून आणखी दोन बारीक सळसळ वर आल्या. पिवळसर, वीतभर, परावर डोळे काढलेल्या. भीमेच्या राहिलेल्या दोघी. त्यांनी गोळ्याच्या भोवती दोन फेऱ्या मारल्या, तो लुचला आणि परत खाली गेल्या. तिघीही चपळ, तिघीही ठणठणीत.

कोंडाजीचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच ओल्या पायरीवर बसला आणि सगळ्या वस्तीसमोर, मिशीचा माणूस असून, ढसाढसा रडला. रडता रडता हसायला लागला. हिंदुराव खाली उतरून त्याला वर घेऊन आला तेव्हा त्याने सगळ्यांत आधी ओंजळभर पाणी प्यायलं आणि ते पोटात गेल्यावर मोठ्याने म्हणाला, "गोड हाय." मग बाकीचे प्यायले. ड्रमची मोट मात्र त्याने त्याच क्षणी कड्यांवरून सोडली आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडे ढकलून दिली. "उद्याच्याला चांभाराकडं जातू," तो म्हणाला, आणि हे ऐकायला दत्तोबा लोहार तिथे नव्हता हे त्याचं नशीब.

माणसं पांगली. घरात कंदील लागला. यशोदाबाईने लेकीसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिने तो अर्धा रिकामा करेपर्यंत डोळ्यांची पापणी हलवली नाही. सुमनने तांब्या खाली ठेवला.

"आई, एक सांगू? रागावणार न्हाईस?"

"बोल."

"मला त्या खायच्या व्हत्या."

कोंडाजीने मान वर केली.

"वाटभर मडकं मांडीवर घेऊन आली मी," सुमन म्हणाली. "रस्साच दिसत व्हता डोळ्याम्होरं. दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं रिकामं बघितलं, तेव्हाच कळलं. तुझ्या माळंम्होरं कसं बोलायचं? म्हणून गप ऱ्हायले. डोहाळं काय, जातील आपोआप."

यशोदाबाई उठून चुलीशी गेली, भाकरी थापायला बसली. कोंडाजीला वाटलं, विषय संपला. पण झोपायच्या आधी ती त्याच्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली. "सकाळी ज्योतीरामाकडं जा," ती म्हणाली. "एक चांगली वांब आणा. जाळीची. अन् सोलून तुमीच द्यायची, मला येत न्हाई. आधी यायचं, आता इसरले."

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या मागे तीन दगडांची चूल मांडली गेली. कोंडाजीने वांब राखेने धरली, पाठीचे काटे कापून काढले, कातडं सोललं. गळ्यातली माळ त्याने सदऱ्याच्या आत घातली होती, जणू विठ्ठलाला तेवढ्याने दिसणार नव्हतं. यशोदाबाईने नवं मडकं चढवलं. नाकाला पदर बांधून तिने खोबरं, लसूण, मिरची वाटली. इतक्या वर्षांनंतर तिचा हात एका जागीही अडखळला नाही. मडकं रटरटायला लागलं आणि तो वास गोठ्यावरून, घरावरून, थेट हिंदुरावाच्या खोलीपर्यंत गेला. छबूबाई दारात येऊन उभी राहिली आणि हसून परत आत गेली. कोंडाजीच्या तोंडाला पाणी सुटलं. तो बैलांना वैरण घालायला निघून गेला, आणि घालून झाल्यावर परत तिथेच आला.

मीठ टाकताना मात्र यशोदाबाई थांबली. चिमूट हातात घेऊन तशीच बसली. चव बघितल्याशिवाय ती कधी मीठ टाकत नसे. आणि ही चव तिला बघता येत नव्हती. तिने कोंडाजीकडे बघितलं. त्याने आपल्या सदऱ्यावर हात ठेवून मान हलवली. शेवटी अंदाजाने मीठ टाकून तिने डोळे मिटले आणि कालवण ढवळलं.

सुमन पाटावर बसली. भाकरी मोडून रश्शात बुडवली, पहिला घास तोंडात घातला.

"मीठ बरुबर हाय?" यशोदाबाईने विचारलं. 

सुमनचं तोंड भरलेलं होतं. दुसरा घास तिने पहिला गिळायच्या आधीच मोडून घेतला होता. "बरुबर हाय," ती म्हणाली. "आई, अगदी बरुबर हाय."

यशोदाबाई तिथेच मातीत बसली आणि तिला रडू फुटलं. काल सगळं गाव ओरडत होतं तेव्हा जे आलं नव्हतं ते आता आलं. "मला काल वाटलं," ती हुंदके देत म्हणाली, "तुज्या तोंडचा घास मी हिरीत टाकला, म्हणूनच आपली वांब मरून वर आली. म्हटलं, आता माझ्या पोरीचं काय हुतंय. मोटंचं न्हाई गं, मला माझंच भ्याव वाटत व्हतं."

 काल दिवसभर कोंडाजीने सगळा दोष आपल्या एकट्याच्या नावावर मांडून ठेवला होता, आणि शेजारीच बायको तेवढंच ओझं घेऊन लिंबू पिळत बसली होती. तो खाली वाकला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सुमनने खरकट्या हाताने आईचे डोळे पुसायला हात पुढे केला, मग हाताकडे बघून मागे घेतला आणि कोपराने पुसले. "रडू नगंस," ती म्हणाली. "आधी मला अजून एक भाकरी दे."

यशोदाबाई उठली आणि भाकरी आणायला गेली.